साडेचार हजार फेऱ्यांपर्यंत

रस्त्यानं गाडी गेली की उल्हासदादा मान खाली घालून ऐकत. बघत नसत. दुधाचं रिकामं खोकं धुऊन, कापून, सपाट करून खिडकीत वाळत घालत आणि सहा खोकी जमली की सुतळीनं बांधत. अंड्यांवर पेन्सिलनं तारीख लिहीत. चहा तीनदा वर येऊ देत, चौथ्यांदा नाही. जपानी माणसाशी फोनवर बोलताना कमरेत वाकत, आणि बहिणीशी मराठीत बोलून झालं तरी फोन ठेवताना एकदा वाकत. जेवताना दह्याची दुसरी वाटी भरून ठेवत. मी असलो तर ती मी खायचो, नसलो तर झाकून परत फ्रिजमध्ये जायची. गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम लावला की आधी त्याचं संगीत बंद करत. मग बाकीच्या गाड्या बंद करत. मग रिकाम्या ट्रॅकवर एकटे गाडी चालवत बसत, तासभर, कुणाशीही शर्यत न लावता.

यातलं बरंचसं मी मेधाताईंना फोनवर सांगितलं. त्या उल्हासदादांच्या धाकट्या बहीण, नाशिकला असतात. त्यांनी विचारलं होतं, "तो तिथे ऑफिसातून आल्यावर करत काय होता रे, यज्ञेश?" माझी यादी ऐकून त्या म्हणाल्या, "हे तर तो कसा होता ते झालं. ते मला माहीत आहे. करत काय होता?"

मला फोनवर सांगता येईना. म्हणून लिहितो आहे.

उल्हास गोवंडे १८ जूनला गेले. गुरुवार होता. जेवणाच्या सुट्टीनंतर ऑफिसात खुर्चीवर बसले होते, बसल्या जागीच गेले. वय त्रेचाळीस. मला त्यांच्या कंपनीतून एका बाईंचा फोन आला. त्या फार हळू आणि फार नम्रपणे बोलत होत्या, त्यामुळे काय झालंय ते मला दुसऱ्यांदा सांगितल्यावर कळलं. कंपनीच्या फॉर्मवर, अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं त्या रकान्यात, माझं नाव होतं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. शेजारी नात्याचा रकाना होता. तो मी दोन दिवसांनी पाहिला. तिथे त्यांनी लिहिलं होतं, "वर राहतो."

वर म्हणजे २०२ मध्ये. ते खाली, १०२ मध्ये. कावासाकी स्टेशनपासून चालत अठरा मिनिटांवर दोन मजली लाकडी इमारत आहे, सहा खोल्यांची. मी पुण्याला मराठीत एम.ए. करून इथे जपानी साहित्य शिकायला आलो, ऑक्टोबर ९६ मध्ये. तिसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली. दारात एक बारीक, चष्मेवाला माणूस. हातात माझीच कचऱ्याची पिशवी.

"आज न जळणारा कचरा," ते मराठीत म्हणाले. "यात केळ्याची सालं आहेत. ती उद्या टाकायची."



"तुम्हाला कसं कळलं मी..."

त्यांनी पिशवीतून तेलाचे डाग पडलेला मराठी पेपर बाहेर काढला. हुंगला. "भडंग. कुठला?"

"आईनं करून दिलाय."

"संपला?"

"थोडा आहे."

"मग दारात काय उभं केलंयस? आत बोलव की."

मी त्यांना काका म्हटलं. ते म्हणाले, काका म्हणायला माझे केस तरी पांढरे होऊ देत. तेव्हापासून दादा.

त्यांनी पुण्याला इंजिनिअरिंग केलं, मग इथल्या विद्यापीठात डॉक्टरेट, मग १९८७ मध्ये इथल्याच एका मोटार कंपनीच्या संशोधन विभागात लागले. कंपनीचं नाव लिहीत नाही. तिथे सहा वर्षं त्यांनी एका इंजिनावर काम केलं. आपल्याकडच्या स्कूटरला असायचं त्या जातीचं, टू-स्ट्रोक, पण मोटारीसाठी. तीन सिलिंडरचं, हलकं, धूर न करणारं. पाच जण होते. प्रमुख निशिमुरा-सान. पाच जणांनी सहा वर्षांत अकरा इंजिनं बांधली. गाडीत एकही बसवलं नाही. आधी ते बेंचवर चालवून बघतात. इंजिन लोखंडी चौकटीत बोल्टांनी घट्ट बसवायचं, खोली बंद करायची आणि काचेच्या बाहेर उभं राहून आकडे वाचायचे.

"सगळी मिळून नऊशे तास चालली," ते मला एकदा म्हणाले. "एक मीटरही पुढे गेली नाहीत."

१९९३ मध्ये जपानात सगळीकडेच खर्च आवरायला सुरुवात झाली. तो विभाग बंद झाला. अशा वेळी प्रयोगाची इंजिनं ठेवत नाहीत. अकराच्या अकरा कापली. कापलेल्या मालाच्या यादीवर सहीचा शिक्का मारायला निशिमुरा-सान त्या दिवशी आले नाहीत. तो उल्हासदादांनी मारला. त्यानंतर कंपनीनं त्यांना काढलं नाही. इंग्रजी येतं म्हणून निर्यातीच्या गाड्यांची माहितीपुस्तकं करायला बसवलं. काच पुसायच्या पाण्याची टाकी कशी भरावी. लहान मुलांच्या दाराचं कुलूप कसं लावावं. पाच वर्षं ते हे लिहीत होते.

"परत का नाही गेलात?" मी विचारलं होतं.

"गेलो की सगळे विचारणार, काय केलंस तिकडे? पाण्याची टाकी?"

मेधाताईंच्या यजमानांनी नवी गाडी घ्यायची ठरवली तेव्हा ताईंनी फोनवर विचारलं, "अरे, तुझं इंजिन कुठल्या गाडीत असतं? तीच घेऊ." उल्हासदादा म्हणाले, "भारतात येत नाही ती." मी तिथेच बसलो होतो. फोन ठेवताना ते वाकले.

गेमचं मशीन त्यांनी विकत घेतलेलं नव्हतं. ९६ च्या डिसेंबरात, ऑफिसच्या वर्षअखेरच्या पार्टीत बिंगो खेळवला, त्यात त्यांना लागलं. सोबत गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "मुलांना द्या," असं कुणीतरी म्हणालं आणि मग हा माणूस एकटा आहे हे त्याच्या लक्षात आलं.

दोन आठवडे खोकं बंद होतं. नंतर एका रविवारी दुपारी त्यांनी मला खाली बोलावलं. टीव्हीवर एक लाल गाडी हळूहळू स्वतःभोवती फिरत होती.

"बघ," ते म्हणाले. "रंग चोवीस. चाकांच्या जाळ्या चौदा. मागे पंख लावता येतो. गाडीची उंची कमी करता येते. आता इंजिन बघ."

"किती आहेत?"

"जे आहे ते. एक. थोडं फुगवता येतं. बदलता येत नाही."

"मग काय बिघडलं?"

"काय बिघडलं!" ते चष्मा काढून माझ्याकडे बघू लागले. "अरे, एखाद्या माणसाला चोवीस शर्ट द्यायचे, चौदा टोप्या द्यायच्या, आणि... तू साहित्यवाला ना? तू पूर्ण कर."

"आणि आवाज एकच?"

"आवाज नाही. छाती."

त्यांनी बँकेच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर यादी केली होती. या गेममध्ये कुठली इंजिनं निवडता आली पाहिजेत त्याची. पाव पोचवणाऱ्या छोट्या व्हॅनमध्ये शर्यतीच्या गाडीचं इंजिन. लाल स्पोर्ट्स गाडीत टेम्पोचं.

"टेम्पोचं बसवलं तर ती पहिल्या चढावर उभी राहील," मी म्हटलं. इतपत मला कळत होतं.

"राहू दे. मला ती उभी राहिलेली बघायची आहे. बंदी कशाला?"

यादीत नऊ नावं होती. आठवं जुन्या आगगाडीच्या डिझेलचं. नवव्या जागी नाव नव्हतं. नुसतं "आमचं" असं लिहिलं होतं.  त्यांनी कॅलेंडर गुंडाळून ठेवलं.

जपानात गेमच्या खोक्यात एक छापील पोस्टकार्ड येतं. गेम कसा वाटला ते लिहून बनवणाऱ्या कंपनीला पाठवायचं. वयाचे चौकोन असतात. शेवटचा चौकोन "२६ आणि पुढे". उल्हासदादा तिथे खूण करत आणि म्हणत, "आणि पुढेमध्ये आपण." व्यवसायाचे चौकोन असतात. तिथे "कंपनीत नोकरी" वर खूण करण्याआधी ते थोडे थांबत. सगळ्यात खाली प्रश्न असतो, पुढच्या गेममध्ये काय हवं. उत्तराला चार ओळी.

ते त्या चार ओळी माझ्याकडून लिहून घेत. त्यांचं जपानी कारखान्यातलं होतं. गळती, तापमान, सैल बोल्ट यांचं सगळं येत असे. विनंती करता येत नसे. मी तर विनंत्यांचंच जपानी शिकत होतो. पहिलं कार्ड मी जानेवारी ९७ मध्ये लिहिलं. चार वेळा कच्चं लिहून मग पक्कं.

एका खोक्यात एकच कार्ड. साध्या पोस्टकार्डावर लिहिलेलं ती कंपनी मोजणार नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. कारखान्यात तक्रारीचा फॉर्म असतो, त्या फॉर्मवर आली तरच ती तक्रार. म्हणून ते स्टेशनजवळच्या जुन्या गेमच्या दुकानात जात आणि तोच गेम पुन्हा घेत. खोकं उघडून आधी आत कोरं कार्ड आहे का ते बघत. दुकानदार काळजीनं म्हणे, "गोवंडे-सान, हा तुमच्याकडे आहे." हे म्हणत, "हो. फार आवडतो." शेल्फवर त्या गेमच्या सात प्रती झाल्या. सातव्यात घाईघाईत बघायचं राहिलं आणि कार्ड निघालं नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत, नुसता चहा घेतला.

मेधाताई, ऑफिसातून आल्यावर ते हे करत होते.

पाचव्या कार्डानंतर, ऑक्टोबरात, कंपनीकडून पाकीट आलं. उल्हासदादांनी ते न उघडता वर माझ्याकडे आणलं. जिना चढताना धापा टाकत होते. आत रंगीत स्टिकरांचा कागद होता आणि एक छापील पत्र. आपण वेळोवेळी केलेल्या मनःपूर्वक कौतुकाबद्दल आम्ही आभारी आहोत.

"कौतुक?" ते म्हणाले. "कुणी केलं कौतुक?"

मी पत्र पुन्हा पाहिलं.

"तुझी कच्ची कार्डं काढ."

मी काढली. प्रत्येक कार्डावर पहिली ओळ ऋतूची होती. थंडी वाढली आहे, आपण सर्व कुशल असाल. पत्र असं सुरू करतात, मला तसंच शिकवलं होतं. दुसरी आणि तिसरी ओळ गेम किती सुंदर आहे याची. चौथ्या ओळीत मी लिहिलं होतं की कधीकाळी इंजिनांचीही थोडी विविधता अनुभवायला मिळाली, तर तो आमच्यासारख्यांना अनपेक्षित आनंद ठरेल.

त्यांनी ती ओळ मोठ्यानं वाचली. मग पुन्हा वाचली.

"दहा महिने आपण यांची स्तुती करतोय?"

"विनंती आहे ना शेवटी."

"कुठे आहे? यात विनंती नाही. यात तू लाजतोयस."

मग ते हसायला लागले. मीही हसलो. त्यांनी एक स्टिकर माझ्या शब्दकोशावर चिकटवला. ते तसे हसताना मी फार कमी वेळा पाहिले.

सहावं कार्ड, डिसेंबरात, त्यांनी स्वतः केलं. मला हात लावू दिला नाही. चार ओळींवर त्यांनी एक आडवी रेघ आणि एक उभी रेघ काढली आणि मध्ये एक वळलेली रेषा, चढत जाऊन हळूहळू उतरणारी. ती त्यांच्या इंजिनाचा टॉर्क होती. टॉर्क म्हणजे चाक फिरवायचा जोर, दर मिनिटाला इंजिन किती फेऱ्या घेतं त्याप्रमाणे बदलणारा. खाली तिसरीतल्या मुलाच्या अक्षरात तीन वाक्यं. हे इंजिन आहे. याला गाडी नाही. तुमच्याकडे ऐंशी गाड्या आहेत.

ना ऋतू, ना कुशल. मला ते उद्धट वाटलं. मी तसं म्हणालोही.

"असू दे," ते म्हणाले.

पाच महिने काही आलं नाही. मे ९८ मध्ये आलं. या वेळी पत्र हातानं लिहिलेलं होतं, मोरिता नावाच्या माणसाचं. तो पुढचा गेम बनवणाऱ्यांपैकी एक. त्यानं लिहिलं होतं, तुमचं कार्ड आमच्या खोलीत भिंतीवर लावलं आहे. पुढच्या गेममध्ये गाडीचं इंजिन निवडता यावं असा विचार चालू आहे. बाजारात कधीच न आलेली दोन-तीन इंजिनंही ठेवायची आहेत. सोबतचा तक्ता भरून पाठवाल का? एक हजार फेऱ्यांपासून सहा हजारांपर्यंत, दर पाचशेला टॉर्क किती ते. ३० जूनपर्यंत. तुमचं नाव कुठे येऊ शकणार नाही, त्याबद्दल क्षमस्व.

अकरा चौकोनांचा साधा तक्ता होता.

उल्हासदादांनी पत्र टेबलावर ठेवलं, उठून दुधाचं खोकं धुतलं, परत येऊन बसले.

"चालेल ती," ते म्हणाले.

"कोण?"

"गाडी. आमच्यावर."

आकडे द्यायला परवानगी हवी होती. कंपनीला विचारायची सोय नव्हती, म्हणून आम्ही निशिमुरा-सानांना विचारायला गेलो. ते निवृत्त होऊन टोकियोतल्या एदोगावात मुलीजवळ राहतात. मेचा चौथा रविवार होता. निशिमुरा-सानांनी बाल्कनीतल्या टोमॅटोंना काठ्या बांधता बांधता सगळं ऐकलं.

"खेळात?" ते म्हणाले. "माझा नातू खेळतो तसल्या?"

"हो."

ते हसले. मग बराच वेळ काठ्या बांधत राहिले.

"आपण शोधनिबंधात छापलं ते जगाचं झालं, गोवंडे-सान," ते शेवटी म्हणाले. "त्यातला आलेख साडेचार हजारांपर्यंत आहे. त्यापुढचं तुम्ही मला विचारलंच नाहीत."

"नाही विचारलं," उल्हासदादा म्हणाले आणि वाकले.

निघताना निशिमुरा-सानांनी चार कच्चे टोमॅटो कागदात गुंडाळून दिले. परतीच्या ट्रेनमध्ये उल्हासदादांनी ते मांडीवर धरले होते. मी विचारलं, साडेचार हजारांच्या पुढचं काय?

"पुढे मधला पिस्टन तापायचा. आम्ही थांबवायचो. एकदाच नेलं. ९२ च्या नोव्हेंबरात, सात नंबरचं इंजिन. सहा हजारांपर्यंत. दोन मिनिटं चाळीस सेकंद. निशिमुरा-सान तापमान वाचत होते, मी टॉर्क."

"किती आला?"

ते खिडकीबाहेर बघत होते. "यायला हवा होता तितका नाही."

यानंतरच्या दोन रविवारी मी खाली गेलो नाही. माझा एक निबंध द्यायचा होता. तिसऱ्या रविवारी, १४ जूनला, दुपारी चहाला गेलो. कोपऱ्यावरच्या दुकानात फुटबॉलच्या वर्ल्ड कपचे निळे झेंडे लागले होते, जपान पहिल्यांदाच खेळणार होता. उल्हासदादांनी त्याची दखलही घेतली नव्हती. तक्ता टेबलावर होता. आठ चौकोन शाईनं भरलेले, आकडे छापल्यासारखे. तीन रिकामे.

"अजून झालं नाही?" मी विचारलं.

"दोन आकडे आहेत," ते म्हणाले. "प्रत्येक चौकोनाला दोन. एक आम्ही पाहिला तो. एक आम्ही कागदावर काढला होता, पिस्टन बदलला असता तर काय आलं असतं तो. बदलायचं ठरलंही होतं. मार्चमध्ये बदलणार होतो. फेब्रुवारीत बंद केलं."

"फरक पडेल?"

"पहिला लिहिला तर सरळ रस्त्यावर गाडी मागे पडेल. पोरं एकदा लावतील आणि काढून टाकतील. पुन्हा कुणी निवडणार नाही."

"मग दुसरा लिहा."

"मग ते आमचं नाही ना. आमचं जसं झालं असतं, तसं आहे ते."

मी घड्याळ पाहिलं. निबंधाची शेवटची पानं राहिली होती. सोमवारी सकाळी द्यायचा होता.

"तू सांग," ते म्हणाले. "तू साहित्य शिकलास. झालं ते लिहायचं की होणार होतं ते?"

याचं उत्तर मला आजही माहीत नाही. पण तेव्हा मी ते शोधलंही नाही. मी म्हणालो, "दादा, गेम आहे तो. काहीही लिहा. कोण तपासणार आहे?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. रागावले नाहीत.

"हो," ते म्हणाले. "कुणीच नाही."

मग त्यांनी मला दह्याची वाटी दिली. मी उभ्यानंच खाल्ली. दारात ते म्हणाले, "पुढच्या रविवारी ये. तोवर ठरवतो."

गुरुवारी तो फोन आला.

मेधाताईंना व्हिसा वेळेत मिळाला नाही. इथे दहनानंतर अस्थी जवळच्या माणसांनी चॉपस्टिकनं वेचायच्या असतात, दोघांनी मिळून एक, म्हणजे एकाच्या हातून निसटू नये. कंपनीतले चार जण आले होते, ते मागे उभे राहिले. पुढे मी आणि निशिमुरा-सान.  मला पकडायला वेळ लागे. ते माझ्यासाठी थांबत होते.

बाहेर आल्यावर मी त्यांना तक्त्याबद्दल सांगितलं. तीन चौकोन राहिलेत. ३० तारखेला दहा दिवस आहेत. तुम्हाला आकडे माहीत असतील, मी भरून पाठवतो.

"कागदावर काढलेले सांगता येतील," ते म्हणाले. "ते मीच काढले होते. पाच हजारांना तेरा. साडेपाचला साडेबारा. सहाला बारा."

"आणि पाहिलेले?"

"मी तापमान वाचत होतो. टॉर्क गोवंडे-सान वाचत होते. त्यांनी वहीत लिहिला. वह्या इंजिनांबरोबर गेल्या."

"तुम्ही त्यांना विचारलं नाहीत?"

"काचेत त्यांचा चेहरा दिसत होता," निशिमुरा-सान म्हणाले. "मग विचारलं नाही. दहाच्या खाली नव्हता, एवढं नक्की. दहाच्या खाली गेला असता तर त्यांनी हात वर केला असता. तसं ठरलं होतं."

खोली महिनाअखेरीला रिकामी करून द्यायची होती. मी एकट्यानं केली. गेमच्या सात प्रती जुन्या गेमच्या त्या दुकानात परत नेल्या. दुकानदारानं एकेक खोकं उघडून पाहिलं आणि विचारलं, "गोवंडे-सानांना कंटाळा आला का?" मी हो म्हणालो. त्यानंतर मला तिथून लवकर निघता येईना.

तक्ता टेबलावरच होता. मोरितांना मी फोन केला नाही. ३० तारखेला सकाळी मी तो समोर घेऊन बसलो. पेन होतं, पाकिटावर पत्ता लिहिलेला होता, तेरा, साडेबारा, बारा हे आकडे पाठ झाले होते. ते लिहिले असते तर गाडी सरळ रस्त्यावरही चांगली पळाली असती. पण रविवारपर्यंत ठरवतो असं ते म्हणाले होते, आणि काय ठरवलं ते मला सांगायचं राहिलं होतं. संध्याकाळी पोस्ट बंद झालं.

आठ चौकोन शाईनं भरलेले आहेत. नवव्या चौकोनात, पाच हजारांसमोर, पेन्सिलनं फक्त १ लिहिला आहे. तो मी गेलो त्या रविवारी दुपारी नव्हता, म्हणजे त्यानंतरच्या तीन-चार दिवसांत लिहिला असणार. निशिमुरा-सानांचा आकडा एकानं सुरू होतो. पाहिलेला आकडाही एकानंच सुरू होत असणार. त्यापुढची जागा कोरी आहे. दहाव्या आणि अकराव्या चौकोनाला त्यांनी हात लावलेला नाही.